शंकरपाळ्यांच्या डब्यातलं ग्रहण

सूर्याला नमस्कार घालणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, त्याला शिव्या घालणारी तर मे महिन्यात घरोघरी असतात. पण रोज सकाळी सूर्याला "आता जरा गप ऱ्हा, हलू नको" असं दरडावणारा माणूस साऱ्या नवी मुंबईत एकच आहे, आणि तो माझा व्याही आहे. हे गृहस्थ सूर्याचे फोटो काढतात. एखाद दिवशी हौस म्हणून नव्हे, रोज. पहिलटकरणीनं तान्ह्या बाळाचे काढले नसतील इतके फोटो त्यांनी त्या एका गोळ्याचे काढून ठेवले आहेत. "सगळे सारखेच तर दिसतात," असं मी एकदा सहज म्हणून गेले, तर तीन दिवस माझ्याशी बोलणं बंद. चौथ्या दिवशी मोबाइलवर दोन सूर्य शेजारी-शेजारी आले आणि खाली एक ओळ: "बाई, दोन्ही नीट बगा. मंग बोला." मी चष्मा लावून नीट बघितलं. पहिल्या सूर्याच्या कडेला एक बारीकशी ज्वाळा उभी होती आणि दुसऱ्यात ती वाकून तिची कमान झाली होती. त्या कमानीखालून आपली पृथ्वी अंग न चोरता निघून जाईल, हे त्यांनी नंतर फोन करून सांगितलं. तो फोन पाऊण तास चालला.

ते मूळचे सारसोळ्याचे. वडील खाडीत जाळं टाकायचे. यांनी मात्र जन्मभर तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत मीटर आणि गेज दुरुस्त केले. गावातल्या जुन्या घराच्या जागी आता त्यांची चार मजली इमारत आहे, खाली भाडेकरू आणि वर हे. आम्ही साताऱ्याकडून नोकरीपायी आलेले, बोनकोड्याच्या अलीकडे कोपरखैरण्यात फ्लॅट घेऊन राहिलेले. मी तीस वर्षं एका मराठी शाळेत विज्ञान शिकवलं. यजमान लवकर गेले, मुलगी एकुलती एक, आणि तिनं तिचं लग्न स्वतःच ठरवलं. बोलणी करायला हे पहिल्यांदा आमच्याकडे आले, ती दुपार मला चांगली आठवते. चपला काढल्या न काढल्या तोच ते थेट बाल्कनीत गेले, खिशातून होकायंत्र काढलं आणि विचारलं, "बाई, तुमची ही बाजू पूर्व का?" झालं! मला वाटलं, वास्तुवाले निघाले. मुलीकडची बाजू म्हणून चार गोष्टी गिळायची माझी तयारी होती, पण वास्तुशास्त्रापुढे माझी जीभ आवरत नाही. दिशांनी माणसाचं बरंवाईट कसं होत नाही, यावर मी त्यांना उभ्या उभ्या पंधरा मिनिटं सुनावलं. मुलगी स्वयंपाकघराच्या दारातून मला गप्प बसायच्या खुणा करत होती. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बरोबर हाय तुमचं. पन सकाळचं ऊन इथं किती वाजता येतं, ते नाय सांगितलं तुमी." त्यावर विहीणबाईंनी कपाळाला हात लावला. "अवो, लग्नाचं बोला! सूर्य कुठं पळून चाललाय?"

हे वेड त्यांना लागलं ते कंपनीतच. भट्टीच्या भिंतीला आतली ज्योत बघायला एक काचेचं भोक असतं. त्याला डोळा लावून, नुसत्या रंगावरून भट्टी बरी चालली आहे की नाही हे ते सांगायचे म्हणे. निवृत्त झाल्यावर सहा महिने त्यांना घरात कुठं बघावं ते कळेना. मग ही दुर्बीण आली. "ती भट्टी सुटली, मंग मोठी धरली," असं ते म्हणतात. दुर्बीण हातभर लांबीची, दिसायला साधीच, पण तिचं नाव हायड्रोजन-अल्फा. सूर्याच्या सगळ्या उजेडातला हायड्रोजनचा एक तांबडा धागा तेवढा ती आत सोडते आणि बाकीचा सगळा दारातच अडवते. मी विज्ञानाची बाई, मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. पण खरं सांगायचं तर मी आयुष्यभर सूर्य फळ्यावर पिवळ्या खडूनं काढला होता. त्यांनी पहिल्यांदा डोळा लावायला सांगितलं तेव्हा आत लालबुंद गोळा, त्याच्या अंगावर मखमलीसारखी लव, आणि कडेला ज्वाळांची कुसं. मला जागचं हलवेना. रांगेत मागं जावई उभा होता, त्याचाही विसर पडला. व्याही म्हणाले, "सावकाश बगा, बाई. शाळा सुटलीय आता."

गच्चीवरचे त्यांचे कायदे वेगळे आहेत. सकाळी सात ते नऊ तिथं कुणी धप्पधप्प चालायचं नाही, कारण स्लॅब हलला की सूर्य हलतो. सिमेंट तापलं की त्यावरची हवा उकळते आणि फोटो थरथरतो, म्हणून ते भल्या सकाळी दुर्बिणीभोवती बादलीनं पाणी शिंपडतात. दुसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरीणबाईंना वाटलं, मालक सडा घालतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी मोठ्या भक्तीनं तिथं ठिपक्यांची रांगोळी काढून ठेवली. व्याही बराच वेळ रांगोळीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "फोटूत येत नाय ना? मंग ऱ्हाऊ दे." तेव्हापासून तिथं रोज रांगोळी असते. उन्हात लॅपटॉपचा पडदा दिसत नाही, म्हणून विहीणबाईंची एक जुनी काळी साडी ते डोक्यावरून पांघरून बसतात. आत ते, लॅपटॉप आणि घामाच्या धारा. त्यांच्याशी काही बोलायचं तर त्या साडीशी बोलावं लागतं. मी निम्मी सुखदुःखं त्या साडीला सांगितली आहेत. त्यांचा कॅमेराही अजब आहे, त्याला रंग मुळी दिसतच नाही. तो मिनिटभरात हजारो काळीपांढरी चित्रं टिपतो आणि त्यांतली, हवा क्षणभर थांबली असतानाची शे-दोनशे तेवढी निवडून एकावर एक रचायची. लाल रंग सगळ्यात शेवटी. त्यातही एक मेख आहे: सूर्याचं तोंड नीट टिपलं तर कडेच्या ज्वाळा दिसत नाहीत, आणि ज्वाळा टिपायला गेलं तर तोंड पांढरंफटक पडतं. दोन्ही वेगळे काढून नंतर जोडावे लागतात. एकदा मी गच्चीवर बसून माझ्या मुलीच्या आळशीपणाची लांबलचक तक्रार करत होते. बऱ्याच वेळानं साडीतून आवाज आला, "बाई, एका फोटूत मानूस येत नाय."

त्यांच्या मुलाच्या, म्हणजे माझ्या मुलीच्या लग्नातली गोष्ट तर आमच्या दोन्ही घरांत अजून सांगतात. व्याहीभेटीची वेळ झाली. आमच्या बाजूनं माझा भाऊ हातात शेला-नारळ घेऊन उभा, सनईवाला दोनदा थांबून पुन्हा सुरू झालेला, आणि मुलाचे वडील गायब. मला वाटलं, वरपक्ष रुसला. भाऊ माझ्या कानात म्हणाला, "मानपानात काही राहिलं का गं?" मी पाहुण्यांची यादी मनात तीनदा म्हणून पाहिली. शेवटी जावईच बाशिंग सांभाळत हॉलच्या गच्चीवर गेला आणि वडिलांना घेऊन आला. सूर्यावर म्हणे त्या घटकेला काहीतरी मोठं उसळलं होतं. "व्याही काय, पाच मिंटं थांबतील. ते थांबत नाय," ही त्यांची कैफियत. घाईत त्यांनी दुर्बिणीच्या रबरात डोळा असा दाबून धरला होता की उजव्या डोळ्याभोवती काळं कडं उमटलं होतं. आमच्या अल्बममध्ये व्याहीभेटीच्या सगळ्या फोटोंत माझा भाऊ एका डोळ्याला काजळ घातलेल्या माणसाला मिठी मारतो आहे.

एवढं सगळं चेष्टेनं लिहिते आहे खरी, पण त्यांचे माझ्यावर न फिटणारे उपकार आहेत. लग्नानंतर दोन वर्षांनी मुलीला दिवस राहिले आणि पाचव्या महिन्यात ते मूल गेलं. मुलगी बोलायचीच बंद झाली. मी समजावलं, रागावले, रडले. पण भिंतीशी बोलावं तसं ते. व्याह्यांनी मात्र समजावण्यात एक शब्द घालवला नाही. एका सकाळी लॅपटॉप तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाले, "सूनबाई, माझे डोले दुखतात. यातली चांगली निवडून दे." ती निवडत बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. पंधरा-वीस दिवसांनी ती आपणहून म्हणाली, "बाबा, आज हवा वाईट होती का?" विहीणबाईंनी तेवढंच मला सांगायला मुद्दाम फोन केला होता.

पुढच्या वर्षी मुलीला पुन्हा दिवस गेले, आणि सहावा महिना चालू असताना दिवाळीत सूर्यग्रहण आलं. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्या मधल्या रिकाम्या दिवशी, संध्याकाळी. व्याह्यांनी ते कधीपासून धरून ठेवलं होतं. आधीची दोन ग्रहणं ढगांनी खाल्ली होती, आणि हे स्वच्छ आकाशात, थेट त्यांच्या गच्चीसमोर, ग्रासलेला सूर्य खाडीकडे बुडत जाणार. लाल सूर्य, त्याला चंद्राचा काळा घास आणि शेजारी ज्वाळा, असा एक फोटो त्यांना हवा होता. जन्मात एक. महिनाभर ते तीच वेळ, तोच कोन धरून तालीम करत होते. आणि मी फराळाचा डबा घेऊन त्या दुपारी तिथं पोचले तेव्हा त्यांनी मोठ्या आनंदानं जाहीर केलं, "पयला फोटू सूनबाईनं काढायचा! तिचं बोट लागलं पायजे." मुलगी तर नाचायचीच बाकी होती.

आता माझं सांगते. ग्रहणाचा धडा आला की वर्गात लिंबू, चेंडू आणि टॉर्च घेऊन मी दरवर्षी ते शिकवलं. सावल्यांचा खेळ, बाकी काही नाही. शाळेच्या वेळात ग्रहण लागलं तर मुलांची भीती जावी म्हणून मी त्यांच्यासमोर उभी राहून बिस्किटं खाल्ली आहेत. माझी आई गरोदर बायकांना ग्रहणात विळीला हात लावू द्यायची नाही, अंगावर ऊन पडू द्यायची नाही. त्या आईला मी जन्मभर हसले. आणि त्या दुपारी, मुलगी जिन्याकडे बघून "किती वाजता जायचं?" म्हणाली मात्र, मला आईची ती विळी आठवली. काहीही होणार नाही हे मला ठाऊक होतं. पण मागच्या वेळीही, पाचव्या महिन्यात काही होणार नाही, हे मला ठाऊकच होतं की. तिला "जाऊ नकोस" म्हणायचं तर कोणत्या तोंडानं म्हणू? विचारलं असतं, "का आई?" तर तीस वर्षांच्या बिस्किटांचा हिशोब कसा लावायचा? घरात सगळे चहाच्या गडबडीत होते. दुर्बिणीची पिशवी दिवाणावर उघडी होती. मी त्यातली कॅमेऱ्याची केबल उचलली आणि माझ्याच शंकरपाळ्यांच्या डब्यात, तळाशी खुपसली. आयुष्यात मी केलेली ही एकमेव चोरी.

ग्रहण लागायच्या थोडं आधी व्याही पिशवी घेऊन बसले. एकेक कप्पा उघडून पाहिला, पुन्हा बंद केला. मी वाती वळत असल्याचं सोंग करत होते. मग ते म्हणाले, "केबल नाय. ऱ्हायली कुठंतरी."

"बाबा, मग नुसतं डोळ्यांनी दुर्बिणीतून बघू या ना," मुलगी म्हणाली. "त्याला कुठे केबल लागते?"

"नको. नुसतं बगून काय करायचं? फोटू नाय तर काय नाय." आणि त्यांनी पिशवीची चेन ओढली. "चल, पत्ते काढ. बाई, बसा. तिघं हाव, पाच-तीन-दोन होईल."

आम्ही पाच-तीन-दोन खेळलो. बाहेर सगळ्या गावात शांतता पसरली होती. ऊन विचित्र फिकट झालं, भांड्यांवरचा उजेड बदलला. विहीणबाई तुळशीची पानं फराळावर ठेवत स्वतःशीच म्हणाल्या, "आज काय झालंय यांना?" व्याही खिडकीकडे पाठ करून बसले होते आणि एकदाही वळले नाहीत. पानं मात्र इतकी वाईट खेळत होते की मुलगी हसून हसून लाल झाली. अंधार पडल्यावर मी निघाले आणि डबा उचलला. व्याह्यांकडे नेलेला फराळ डब्यासकट परत न्यायचा, हे आमच्यात कुणी कधी ऐकलेलं नाही. विहीणबाई बघतच राहिल्या. "बाई, आमाला आवडत नाय वाटलं काय?" मी काहीतरी पुटपुटले, की जरा मऊ पडलीत, दुसरी पाठवते. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर नेहमीसारखा सूर्य आला. कुठून तरी दुसरी केबल मिळाली म्हणायची, असं म्हणून मी सुस्कारा सोडला. त्यापलीकडे काही सुचण्याइतकं माझं डोकं ठिकाणावर नव्हतं.

पुढे नात झाली. ठणठणीत, आणि आवाज सगळ्या इमारतीला ऐकू जाईल असा. बारशाच्या सकाळी मी ती केबल रुमालात गुंडाळून घेऊन गेले. खाली पाळणा सजत होता. मी गुडघे सांभाळत गच्चीवर गेले आणि त्या काळ्या साडीसमोर उभी राहिले. माणसाच्या तोंडापेक्षा साडीला सांगणं सोपं गेलं. सगळं सांगितलं. ग्रहणाच्या दिवशी केबल मी चोरली, मी भ्याले होते, मला लाज वाटते.

साडी बाजूला झाली. त्यांनी केबल हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "साखर लागलीय," म्हणाले. मग हळूच म्हणाले, "मला ठाव व्हतं, बाई. चाच्या टायमाला शंकरपाळी घ्यायला मीच डबा उघडला. खाली केबल दिसली. झाकन परत लावलं."

"आणि काही बोलला नाहीत?"

"काय बोलायचं? आनखी दोन केबली कपाटात हायेत माझ्या."

मला रडू यायला लागलं होतं आणि त्याचा रागही येत होता. मी जरा चढ्या आवाजात म्हणाले, "मग का नाही गेलात? तुम्हाला तर माहीत होतं काही होत नसतं म्हणून!"

"तुमालाबी माहीत व्हतं की. तुमी तीस वर्सं पोरांना गिरान शिकवलं. तुमच्यासारखी बाई केबल लपवते, म्हनजे किती भ्याली असंल! त्या भीतीवर मी दुर्बीण लावून बसू?" एवढं बोलून ते फोकस बघायला पुन्हा साडीत शिरले. आतून म्हणाले, "खाली जा. आत्याला नाव सांगून टाका, नायतर ती भलतंच ठेवील."

जाता जाता मी विचारलं, "पुढचं कधी आहे?"

"हाय. पाच वर्सांनी."

"मग त्या वेळी पहिला फोटो नात काढेल," मी म्हणाले. "आणि मी स्वतः तिला वर घेऊन येईन."

"या की," साडी म्हणाली.

त्या आनंदात मी खाली उतरले आणि कितीतरी महिने त्याच आनंदात होते. परत आल्यावर पंचांग उघडून बघावं, असं मला सुचलंही नाही. नात आता पायऱ्या चढते, आजोबांच्या साडीत शिरून "मला, मला" करते. व्याह्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू उतरला आहे, सत्तरी उलटली आहे, तरी सकाळचा सडा चुकत नाही. परवा कशावरून तरी विषय निघाला म्हणून मी ते पाच वर्षांनंतरचं ग्रहण कधी आहे ते शोधलं. ऑगस्टच्या सुरुवातीला आहे. ऑगस्टच्या सुरुवातीला आमच्याकडे भरदुपारी दिवे लावावे लागतात, पंधरा-पंधरा दिवस सूर्य कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा कळत नाही. हा माणूस पुढच्या दहा वर्षांची ग्रहणं बोटांवर मोजणारा. दिवाळीतलं ते ग्रहण सुटलं की पुढचं ऐन पावसात, हे डब्याचं झाकण परत लावताना त्यांना ठाऊक होतं.